धुतलेलं कोकरू

२ मार्च

धाकटे,

आशीर्वाद, आणि त्याच्या पाठोपाठ तक्रार. मागच्या दोन पत्रांना तुझं उत्तर नाही. फोनवर आपण दोघी भांडतो आणि कुणीतरी एक फुरंगटून फोन ठेवते, म्हणून पत्रंच लिहायची असं तूच ठरवलंस. आता पत्रातही फुरंगटायचं असेल तर मी काय पोपट पाळून निरोप पाठवू?

थंडी सरली. कुरणात हिरवं दिसायला लागलंय आणि आमचा गोठा म्हणजे बाळंतिणींचा दवाखाना झालाय. मेंढ्या व्यायला लागल्या. काल एका दिवसात चार कोकरं झाली, त्यात एक जुळं. दोन कोंबड्या खुडूक होऊन एकाच टोपलीवर हक्क सांगताहेत. मुकादम नावाला जागून सगळ्यांच्या कामावर देखरेख करतो आणि स्वतः उन्हात झोपतो. कुत्र्याचं नाव फार विचार करून ठेवायला हवं होतं. सासूबाई मात्र अजून थांबल्या आहेत. सासूबाई म्हणजे ती काळ्या तोंडाची मेंढी गं, मागे तू आलीस तेव्हा तुझ्या पिशवीत तोंड घालून काय काय आणलंस ते तपासलं होतं ती.

माझी मनगटं मात्र संपली. मेंढी अडली की हात घालून पिल्लाचा दुमडलेला पाय सरळ करावा लागतो, आणि हल्ली बोटं आत गेली की ती माझी राहतच नाहीत. ह्यांच्या पाठीचं तुला ठाऊक आहे. हे बसून लोकर निवडतात आणि मला सूचना देतात.

म्हणून मुद्द्याचं बोलते. चिंगीचं शिक्षण या महिन्यात संपतं. दोन वर्षं ती तुझ्याकडे राहून जनावरांच्या उपचाराचं शिकेल आणि मग घरी येऊन गोठा हातात घेईल, असं आपण तिघींनी तुझ्याच स्वयंपाकघरात बसून ठरवलं होतं. शेजारचा दूधवाला कुरण मागतोय, मेंढ्यांसकट. त्याला मी सांगितलंय, माझी लेक येतेय, जरा दम धर. ती आली तर मेंढ्या राहतील. नाही आली तर मला एकटीला त्या झेपणार नाहीत. इतकं सरळ आहे. तारीख कळव.

ताई

११ मार्च

ताई,

नमस्कार. पोपट पाठवू नकोस, त्याला ठेवायला जागा नाही. खाली लाँड्रीत दोन मशिनांपैकी एक बंद पडलंय आणि हॉटेलच्या चादरींचा ढीग छताला टेकलाय. इस्त्रीवाली बहिणीच्या बाळंतपणाला म्हणून गेली ती परत यायचं नाव घेत नाही. बाळंतपणं सगळीकडेच चालू आहेत म्हणायची.

चिंगी मजेत आहे. थोडा खोकला होता, आता बरा आहे. परीक्षा म्हणशील तर ती जरा पुढे गेलीय. नक्की कधी ते अजून कळलं नाही, या लोकांचं काही सांगता येत नाही. दर रविवारी दुपारी ती स्वतःचे पांढरे कोट स्वतः इस्त्री करते, माझ्यापेक्षाही कडक. मी म्हणते, अगं, मावशीची लाँड्री आहे, मला करू दे. ऐकत नाही. सोमवारी आठच्या ठोक्याला हजर व्हायचं असतं ना, मग कॉलरला सुरकुती चालत नाही तिला. आणि तुला म्हणून सांगते, चारचौघांत चिंगी म्हटलेलं आता आवडत नाही. मी विसरते आणि बोलणी खाते.

ताई, महिनाअखेरीला आम्ही दोघी चार-पाच दिवस येऊ का? तुला हाताखाली कुणीतरी होईल, आणि समोरासमोर बसून बोलताही येईल. पत्रात सगळंच काही लिहिता येत नाही.

भावजींना नमस्कार.

धाकटी

१७ मार्च

धाकटे,

या. विचारतेस काय, घर तुमचंच आहे.

पण एक सांग. परीक्षा पुढे गेली, तर सोमवारी आठला ती जाते कुठे? आणि जनावरांच्या दवाखान्यात पांढरा कोट दुपारपर्यंत तरी पांढरा राहतो का? मी काही म्हणत नाही. पाणी कुठेतरी मुरतंय, एवढं कळतं. हे म्हणतात, पोर येतेय, आल्या आल्या उलटतपासणी घेऊ नकोस. बरं, नाही घेत. पण डोळे झाकून बसायला मी काही बाहुली नाही.

सासूबाईंचे दिवस भरत आलेत. चिंगी इथे असताना व्यायल्या तर बरं होईल. आठवतं ना, सासूबाईंची आई त्यांना टाकून गेली तेव्हा चिंगीनेच त्यांना बाटलीवर वाढवलं होतं. शाळेतून आली की दप्तर अंगणात आणि ही गोठ्यात. अजून तिची हाक ऐकली की बाई कान टवकारतात. मी हाक मारली तर तोंड फिरवतात.

येताना काही आणू नकोस, विशेषतः तो तुझा वासाचा साबण. त्याने हात धुतले की मुकादम ह्यांना ओळख दाखवत नाही.

ताई

६ एप्रिल

धाकटे,

आज आशीर्वाद नाही. तुम्ही गेल्यावर थांबले होते, राग निवला की लिहू म्हणून. निवला नाही.

कोकरू मेलं.

तू "मला कुठे माहीत होतं" असं म्हणून बसमध्ये चढलीस, म्हणून तुला माहीत व्हावं यासाठी सगळं पहिल्यापासून सांगते. त्या सकाळी मी आणि हे ओढ्याकडे गेलो होतो, एक मेंढी चिखलात रुतली होती. तुम्ही दोघी घरी. परत येऊन बघते तर सासूबाई व्यालेल्या आणि कोकराचा पत्ता नाही. कोकरू स्वयंपाकघरात, शेगडीपाशी, टॉवेलात गुंडाळलेलं, पांढरं शुभ्र, फुललेलं, आणि त्याला तुझ्या साबणाचा घमघमाट. तू दारात. "मीच धुतलं गं, किती चिकट होतं ते." चिंगी तुझ्या मागे, भिंतीकडे बघत.

बाई गं, मेंढी आपलं पिल्लू तोंडावरून ओळखत नाही. जन्मल्यापासून तासभर ती त्याला चाटते, चाटून चाटून त्याचा वास मनात भरून घेते, आणि मग ते तिचं होतं. तो चिकटा म्हणजेच त्याची ओळख होती. ती तू मोरीत वाहवून टाकलीस. सासूबाईंनी त्याला एकदा हुंगलं आणि डोक्याने असं उडवलं की ते भिंतीवर आपटलं. पुढचे दिवस मी काय काय केलं ते तू पाहिलंसच. तिचंच दूध काढून त्याच्या अंगाला माखलं, तिला दाव्याला बांधून त्याला आचळाला लावलं. बाई लाथा झाडत राहिल्या. चिंगी बाटली धरून त्याच्याजवळ बसायची, आणि तिच्या हातून ते पीत होतं. तुम्ही गेलात आणि माझ्या हातून घेईना. म्हणून शेवटचा उपाय म्हणून मी त्याला पुन्हा सासूबाईंपाशी सोडलं. त्यांनी दावं तोडलं. कोकरू कोपऱ्यात सापडलं.

दिसेल ते धुवायची खोड तुझी लहानपणापासूनची. शेजारणीचं मांजर धुऊन तारेवर वाळत घालायला निघाली होतीस, चिमटे घेऊन. तेव्हा सगळे हसले. तेव्हाच एक ठेवून द्यायला हवी होती.

आणि माझी पोरही तू तशीच धुऊन ठेवली आहेस. आली ती ओट्यावर आधी फडकं अंथरून बसली. गोठ्यात शिरली ती खिशात हात घालून. मी तिला जवळ घेतलं आणि घटकाभर परकीच कुणीतरी वाटली.

दूधवाला पुन्हा येऊन गेला. त्याला मे महिन्यात गाई हलवायच्या आहेत. त्याआधी चिंगीला पाठव. परीक्षा झालेली असो वा नसो.

ताई

१४ एप्रिल

ताई,

कोकराचं वाचून फार वाईट वाटलं. चूक माझीच. शिव्या दे, मी ऐकून घेते.

पण आता दुसरंही सांगते, नाहीतर ते माझ्या घशात अडकून बसेल. चिंगीने ते शिक्षण सोडलंय. थंडी सुरू झाली तेव्हाच सोडलं. ती आता दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे मदतनीस आहे, आमच्याच रस्त्यावर, औषधाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. बाई तिच्यावर खूश आहेत. कुणी खुर्चीत बसून थरथरायला लागलं की चिंगीला बोलावतात. ती हनुवटीखाली हात धरते आणि माणूस निमूट तोंड उघडतं. असा हात शिकवून येत नाही, असं बाई म्हणतात. मला माहीत आहे तो हात तिने कुठे आणि कुणाकडून शिकला.

तुला सांगितलं नाही, कारण आधी ती नको म्हणाली. नंतर मलाच सांगावंसं वाटेना. खरं तेच लिहिते. आमचे हे गेल्यापासून संध्याकाळी या जिन्यावर कुणाचं पाऊल वाजत नव्हतं. आता वाजतं, आणि मी धावत जाऊन चहा टाकते. तू तारीख विचारायचीस आणि मी म्हणायचे, अजून एक महिना, मग सांगू. परीक्षाबिरीक्षा काही नव्हती. तिथे आलो ते तुला सांगायलाच आलो होतो. मग ते कोकराचं झालं आणि सांगायचं राहून गेलं.

धाकटी

२० एप्रिल

म्हणजे मी जिला मेंढीचे दात बघून वय सांगायला शिकवलं, ती आता अनोळखी माणसांचे दात बघते. छान झालं. निदान दात तरी सोडले नाहीत.

तू माझी पोर चोरलीस. दुसरा शब्द मला येत नाही. मी पोटात वाढवली, अंगाखांद्यावर वाढवली, आजारपणं काढली, आणि तू आयत्या बिळावर नागोबा होऊन बसलीस. वर मला लिहितेस की जिन्यावर पाऊल वाजतं. माझ्याकडे जिना नाही म्हणून मला पावलांचं काही वाटत नाही असं वाटलं का तुला?

हे दिवसभर लोकर पुढ्यात घेऊन नुसते बसून होते.

यापुढे मला लिहू नकोस. तिला म्हणावं, आईला कळलंय, आता तूच लिही. काय ते तिच्या तोंडून येऊ दे.

सासूबाई अजून त्या कोपऱ्यात जाऊन हुंगतात. आता हुंगून काय उपयोग.

ताई

२ मे

ताई,

लिहू नको म्हणालीस तरी लिहिते. नागोबा तर नागोबा, पण शेपटीवर एवढा पाय दिल्यावर तोही गप्प बसत नाही.

ते कोकरू मी धुतलं नाही.

मी तेव्हा मागच्या अंगणात तुझ्या दोरीवरचे कपडे काढत होते. आत आले तर चिंगी मोरीपाशी, बाह्या वर करून, कोकरू कोमट पाण्याच्या टबात. मला तुमच्यातलं काही कळत नाही, पण मलाही ते चमत्कारिक वाटलं. मी विचारलं, अगं, असं चालतं का? ती म्हणाली, "नाही चालत, मावशी. आता मेंढी याला घेणार नाही." अगदी शांतपणे. मी म्हटलं, मग करतेस काय हे? म्हणाली, "आता आईला कळेल. मला तोंडाने सांगता येत नाही. फोन लावते, मेंढ्यांचं विचारते आणि ठेवून देते."

मग ती रडायला लागली, पण हात काही थांबले नाहीत. म्हणाली, "मेंढ्यांचा तो वास एकदा हाताला लागला की आठवडाभर जात नाही. पहिल्याच महिन्यात खुर्चीतल्या एका बाईने विचारलं होतं, ही मुलगी कुठून येते? मी काय सांगणार? मी तिथून येते, पण मला परत तिथे जायचं नाही, मावशी. मला त्या मेंढ्या आवडतात आणि मला तिथे जायचं नाही. हे आईला कसं समजेल?"

तेवढ्यात अंगणात तुमची पावलं वाजली. मी तिला मागे ओढलं आणि दारात जाऊन उभी राहिले. विचार केला नाही. माझ्यावर सगळ्यांचा विश्वास बसेल एवढंच वाटलं, लाँड्रीवाली ना मी.

तुझ्या शिव्या खाल्ल्या, त्याचं मला दुःख नाही. पण चोर म्हणालीस ते लागलं. रागाच्या भरात मी ते पत्र चिंगीच्या हातात दिलं. ते द्यायला नको होतं. तिने दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, मेअखेरीला सोडते. तिचे पांढरे कोट, रोजचा एक सोडून, धुऊन, घड्या घालून माझ्या कपाटात ठेवलेत. धड जेवत नाही. म्हणते, कोकरू मी मारलं, आता मी जाऊन मेंढ्या सांभाळते. जूनच्या सुरुवातीला येतेय, कायमची.

तुला हवं होतं ते झालं, ताई. घे. मी आता मध्ये येत नाही.

धाकटी

१० मे

धाकटे,

आशीर्वाद. परत देते आहे, घ्यावासा वाटला तर घे.

ते तू धुतलं नाहीस हे मला टॉवेल उघडल्याबरोबर कळलं होतं. कोकराची नाळ नीट कापलेली होती, तिला आयोडीन लावलेलं होतं, नाकातोंडातला चिकटा गवताच्या काडीने काढलेला होता. तुला कोकराचं पुढचं कुठलं आणि मागचं कुठलं ते कळत नाही. ते काम माझ्या शिकवणीतलं होतं, कुठेही चूक नव्हती. सगळं बिनचूक करून मग त्याला धुतलं होतं. विसरलेलं माणूस असं करत नाही.

मग तुझ्यावर का तुटून पडले, विचारशील. बहिणीवर तोंड सोडलं तरी बहीण कुठे जात नाही. आपण फ्रॉक घालत होतो तेव्हापासून भांडतोय, काय झालं? लेकीला विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि ते उत्तर मला ऐकायचं नव्हतं. तू दारात उभी राहून खोटं बोललीस आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. पोर बिचारी सांगायला उभी होती. आपण दोघींनी मिळून तिचं तोंड दाबलं. त्यात कोकरू फुकट गेलं.

तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "येतेय तर येऊ दे. आल्यावर रमेल." तसं म्हणण्यात त्यांचं काही चुकलं नाही, बापाचा जीव आहे. पण मलाही या घरात असंच आणलं होतं. ह्यांची आई आजारी होती, मेंढ्या व्यायच्या होत्या, आणि सगळे म्हणाले होते, आल्यावर रमेल. मी रमले का, हे इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही. तूही नाही. ह्यांनीही त्या दिवशी विचारलं नाही. लोकर निवडत राहिले.

त्याच संध्याकाळी मी दूधवाल्याकडे गेले आणि म्हटलं, मेंढ्या घेऊन जा, उद्याच घेऊन जा. तो म्हणाला, अहो, घाई काय आहे, गोठा तरी तयार करू दे. मी म्हटलं, उद्या. घाई होती गं. ती जूनमध्ये पिशवी घेऊन दारात उभी राहिली असती तर मी तिला ठेवून घेतलं असतं. रडवेल्या तोंडाने आली असती तरी ठेवून घेतलं असतं. मी तेवढी चांगली नाही. गोठ्यात मेंढ्या आहेत तोवर माझ्यावर माझा भरवसा नव्हता.

सकाळी त्याने त्या कुरणापलीकडे हाकलत नेल्या. या वर्षीची कोकरं आयांच्या मागे उड्या मारत गेली, त्यांना काय. सासूबाई सगळ्यांत शेवटी. मुकादम फाटकापर्यंत गेला, मागे वळून बघितलं, आणि मी हाक मारली नाही म्हणून तसाच पुढे गेला. संध्याकाळी परत आला. आता रोज सकाळी जातो आणि अंधार पडायच्या आत येतो. टोपलीतून निघालेली नऊ पिल्लं आता अंगणभर पळतात, दोन्ही कोंबड्या ती आपलीच समजतात आणि पिल्लंही हरकत घेत नाहीत. गवत गुडघ्याएवढं वाढलंय. त्याच्या गाई येईपर्यंत ते असंच उभं राहणार. मी सकाळी सवयीने बादली उचलते आणि मग ठेवून देते.

राग गेला का, असं विचारू नकोस. गेला नाही. तुझ्यावरचा नाही आणि तिच्यावरचा तर नाहीच. मेंढ्या दिल्या म्हणजे मी माफ केलं असं तिला वाटू देऊ नकोस, आणि मी रागावले आहे म्हणून दिल्या असंही वाटू देऊ नकोस. मधलं काहीतरी सांग. तुला माझ्यापेक्षा बरं बोलता येतं.

एवढं मात्र नक्की सांग की मेंढ्या आता राहिल्या नाहीत, तेव्हा येऊन सांभाळण्यासारखं इथे काही नाही. आजच्या आज डॉक्टरीणबाईंकडे जा म्हणावं आणि नोकरी सोडत नाही म्हणून सांग. ते कोट कपाटातून काढून तिच्या हातात दे.

आणि जूनमध्ये सुट्टी मिळाली तर चार दिवस ये म्हणावं. वरच्या खोलीत अंथरूण घालून ठेवते. सकाळी लवकर उठायची गरज नाही, गोठ्याकडेही फिरकायची गरज नाही. पाहुण्यांना आमच्याकडे कामाला हात लावू देत नाहीत.

ताई